भंडाऱ्यावर घेतलेली गाडी

धुळाला गाडी चालवता येत नव्हती. तरीही जुनी गाडी पारखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्याची पक्की समजूत होती आणि ती तो चारचौघांत बोलूनही दाखवायचा. आयुष्य आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परत माळ गाठायचा. अशा माणसाला जित्राबाची पारख असायचीच. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यानं कळप विकला, थोडी मेंढरं तेवढी थोरल्या भावाच्या कळपात ठेवली आणि सांगलीत कुपवाडच्या बाजूला, बायको सुलाबाई आणि लेक प्रांजल राहत होत्या त्या दोन खोल्यांत तो कायमचा येऊन राहिला. शहरात मेंढरं कुठली? मग भाजीवाल्याची वांगी म्हणू नका, शेजाऱ्याची मोटरसायकल म्हणू नका, प्रांजलला सांगून आलेली स्थळं म्हणू नका, समोर येईल त्याचे तो दात मोजायचा.

प्रांजल फिजिओथेरपी शिकली होती. दवाखान्यात चार तास आणि उरलेला दिवस सांगली-मिरजेत घरोघरी, अशी तिची कामाची पद्धत. कुणाचा अर्धांगानं गेलेला हात, कुणाचा बदललेला गुडघा. यंत्राची पेटी स्कूटरवर पायांत धरून ती गल्लीबोळ फिरायची. पावसाळ्यात एकदा पेटीसकट घसरली. त्या दिवशी कोपर सोलवटून घरी आली आणि म्हणाली, "आण्णा, एक छोटी गाडी घेऊ. जुनी चालंल, दिसायला कशी का असंना. पर रस्त्यात बंद पडनारी नगं. म्हातारी मानसं माझी वाट बघत बसत्यात."

धुळानं भावाला फोन करून राहिलेली मेंढरं विकायला सांगितली. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. ती मेंढरं होती तोवर तो स्वतःला मेंढपाळ म्हणवून घ्यायचा. आता नुसता कुपवाडचा एक म्हातारा. पण लेकीसाठी जात होती, म्हणून त्यानं मनाला लावून घेतलं नाही. "गाडी मात्र मी बघनार," एवढं त्यानं बजावलं.

दोन गल्ल्या सोडून विश्वजितचं गॅरेज होतं. धुळा तिथं टायरवर बसून राहू लागला आणि विश्वजितला प्रश्न विचारून त्यानं हैराण केलं. हळूहळू विद्या गोळा झाली. गाडी बघायला जायचं ते इंजिन थंड असताना. बोनेटला हात लावायचा, गरम लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवलंय आणि काहीतरी लपवतोय असं धरायचं. तेलाचं झाकण काढून आतून बघायचं. दरवाज्यांच्या फटी सारख्या आहेत का, टायर एकाच अंगानं झिजलेत का, क्लच किती उंचावर धरतो. "आनि मग माझ्याकडं आनायची," विश्वजित दर वेळी शेवटी सांगायचा. "उचलून खालनं बघितल्याबिगर घ्यायची न्हाई, आण्णा."

मग बापलेक निघाले. आष्ट्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीचं बोनेट धुळाच्या हाताला चांगलंच पोळलं. "सकाळ सकाळी कुटं गेला हुता व्हय मालक?" त्यानं भाबडेपणानं विचारलं, आणि व्यापारी गावाचं नाव सांगताना अडखळला. पलूसच्या एका गुरुजींची गाडी चकाचक होती, पण एका दाराचा रंग बाकीच्या अंगाहून उजळ. सांगलीतल्या एका विक्रेत्याच्या रांगेत तर धुळानं सहा गाड्या नापास केल्या आणि वर त्याचा चहा घेऊन आला. प्रांजल गाडी चालवायची, तो शेजारी डोळे मिटून इंजिन ऐकत बसायचा. रस्त्यावरची माणसं बघायची की पोरीनं बापाला दवाखान्यात चालवलंय की काय. प्रांजलला हसू यायचं, पण बापाचा कान खोटा नाही हे तिलाही पटलं होतं.

शेवटी एक गाडी मिळाली ती साताऱ्यात. नानासो नावाचे निवृत्त सुभेदार, स्वतःची उसाची शेती, गाडी त्यांच्या मिसेसनी बाजारहाटापुरती वापरलेली. बोनेट थंड. सुभेदारांनी पाणी दिलं आणि कुणी न विचारता गाडीची दुखणी सांगायला सुरुवात केली. मागचं डावं दार खांबाला घासून चेपलं होतं, ते ठोकून सरळ करून घेतलंय. क्लच वर्षभरात बदलावा लागेल. एसी उशिरा गार करतो. प्रांजलनं पोवई नाक्याची गर्दी आणि वरचा चढ असा मोठा फेरा मारला. परत आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. "आण्णा, हीच घेऊ."

धुळालाही आवडली होती. आता फक्त शेवटचं राहिलं होतं. तो सुभेदारांना म्हणाला, "देवाला स्मरून सांगा सायेब, की यात दुसरं कायी न्हाई."

सुभेदार म्हणाले, "देवाला कशाला मधी आणता? मशीन आहे ते. मला ठाऊक होतं ते सांगितलं. ठाऊक नाही त्याची शपथ कशी घेऊ? तुमचा मिस्त्री आणा, पाहिजे ते उघडून बघा."

धुळाचा चेहरा उतरला. याच्यासारखं सरळ उत्तर त्याला सबंध महिन्यात कुणी दिलं नव्हतं, पण ते ऐकायचा कान त्याच्याकडं नव्हता. त्याच्या माणसांत व्यवहाराची रीतच निराळी होती. मेंढरू दुसऱ्याच्या हवाली करताना विकणारा बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, चिमटीत उचलायचा, कपाळाला लावायचा आणि म्हणायचा की यात खोड नाही. त्यानंतर घेणारा जनावराचं तोंडसुद्धा उघडून बघायचा नाही. भंडाऱ्यानंतर बघणं म्हणजे देवाच्या शब्दात बोट घालणं. धुळानं जन्मभर असे व्यवहार केले होते. दोन्ही अंगांनी. एकदाही खोटं निघालं नव्हतं, कारण माळावर पोटाला कमी पडलं तरी भंडारा खोटा उचलायची कुणाची छाती व्हायची नाही. तेव्हा शपथेला मागं सरणारा माणूस काहीतरी दाबतोय, याहून वेगळा अर्थ त्याला लावताच येत नव्हता.

कराडपर्यंत एसटीत प्रांजल त्याच्याशी भांडत होती. "खरं बोलनारा मानूस हाय तो, आण्णा. स्वतःहून खोडी सांगितल्या त्यानं."

"मग शपथ घ्यायला काय जातंय त्याचं?"

कराडनंतर प्रांजल खिडकीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जोतिबा आला. जोतिबा म्हणजे सुलाबाईचा पाठचा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो धुळाच्या कळपाबरोबर चालला होता. व्यालेल्या मेंढीला कसं उभं करायचं, लांडग्याचा माग कसा ओळखायचा, ते त्याला धुळानंच शिकवलेलं. थंडीत दोघं एका घोंगड्याखाली झोपलेले. पुढं त्यानं कळप सोडून सांगलीत भाजीचा टेम्पो घातला आणि नदीच्या अंगाला घर घेतलं. त्याच्याकडं एक छोटी पांढरी गाडी होती. बहुतेक वेळ झाकून ठेवलेली.

"दाजी, गावभर कशाला फिरताय? माझीच घ्या की. टेम्पोपुढं मला कुटं लागती ती."

धुळा सरळ माणूस. त्यानं सरळ विचारलं, "तुज्या गल्लीत महापुराचं पानी माडीपातूर आलं हुतं. गाडी भिजली न्हवती?"

"पानी चढायच्या आदीच मिरजंला मैतराच्या दारात नेऊन लावली हुती. एक थेंब लागला न्हाई." आणि धुळा पुढचं काही बोलायच्या आत तो म्हणाला, "अक्का, भंडारा आन."

सुलाबाईनं देव्हाऱ्यातलं ताट आणलं. जोतिबानं चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि बिरोबाचं नाव घेऊन तेच पुन्हा सांगितलं. धुळाच्या जिवाला इतकं बरं वाटलं की सातारच्या सुभेदारांची त्याला कीव आली. एवढी साधी गोष्ट, आणि त्या माणसाला करता आली नाही.

प्रांजल म्हणाली, "मामाची असली तरी एकदा विश्वजितदादाला दाखवू." धुळा लेकीवर सहसा आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी चढवला. "भंडाऱ्यावर मिस्त्री बशीवतीस व्हय?" प्रांजलनं वळून आईला शोधलं. सुलाबाई ताट परत ठेवायला आत गेली होती. ज्यानं महिनाभर परक्यांच्या बोनेटवर हात ठेवले, त्यानं मेव्हण्याच्या गाडीचं बोनेट उघडलंसुद्धा नाही.

उन्हाळाभर गाडी बरी चालली. प्रांजल सकाळी पेटी मागच्या सीटवर ठेवायची आणि जाताना हॉर्न द्यायची. धुळा गल्लीच्या तोंडापर्यंत मागं चालत जायचा, उगीचच. विश्वजितच्या गॅरेजमध्ये जाऊन तो सांगायचा की पारख ही शिकून येत नाही, माणसाची पारख आधी लागते. विश्वजित पाना फिरवत हूं म्हणायचा.

पाऊसकाळ आला आणि गाडीचं लक्षण बदललं. आत कुबट वास यायला लागला. एक काच आपल्या मनानं खाली जायची. हॉर्न दाबला की कधी वाजायचा, कधी वायपर फिरायचा. प्रांजल म्हणाली, जुनी आहे, चालायचंच. मग एका सकाळी विश्रामबागच्या चौकात, ऐन गर्दीत, समोरचे सगळे दिवे विझले आणि गाडी मेली. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागनं येणाऱ्या एसटीनं असा ब्रेक मारला की आतली माणसं एकमेकांवर पडली. एसटी आणि गाडी यांच्यात हातभर जागा राहिली होती, असं ज्यांनी गाडी ढकलली त्यांनी नंतर सांगितलं. प्रांजलनं आधी पेशंटला फोन करून यायला उशीर होईल म्हणून सांगितलं, मग विश्वजितला बोलावलं, आणि सगळ्यात शेवटी बापाला.

धुळा गॅरेजवर पोचला तेव्हा विश्वजितनं पुढच्या सीटचा पट्टा हाताला धरला होता. तो त्यानं ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही, त्यावर तांबूस गाळाची आडवी रेघ होती. मग त्यानं पायाखालचं कार्पेट उचकटलं. खाली वाळून पापुद्रे धरलेला चिखल होता, सीटचे रूळ गंजून फुगले होते आणि तारांचं तांबं हिरवं पडलं होतं.

"सीटच्या वर पान्यात हुती ही, आण्णा," विश्वजित म्हणाला. "एक तार बदलली की दुसरी जानार. हिच्यावर भरवसा ठेवून पोरीला रस्त्यावर पाठवू नगा."

धुळानं वाकून तो चिखल बोटांत चोळला. कृष्णेच्या मळीचा गाळ होता. या मातीवर त्यानं जन्मभर मेंढरं बसवली होती. तिला त्यानं अंधारातही ओळखलं असतं. प्रांजल जवळ उभी होती. ती मागच्या सीटवरची पेटी उतरवून घेत होती. आपण फसलो, हे त्याला समजत होतं. पण जोतिबानं भंडारा खोटा उचलला, हे वाक्य मनात म्हणून बघितलं तरी ते खरं वाटत नव्हतं.

जोतिबा भाजी मंडईत टेम्पोतनं कोबीची पोती उतरवत होता. दाजींना एकटं येताना बघून त्यानं हातातलं पोतं खाली ठेवलं आणि त्यावरच बसला.

"भंडारा उचलला हुतास, जोतिबा."

"व्हय."

"कायी वाटलं न्हाई रं तुला? देवाचं सोड. माजं?"

जोतिबा मान खाली घालून म्हणाला, "दाजी, मी नगं म्हनलं हुतं. ईस गिऱ्हाइकं येऊन गेली, वास घेतला की माघारी जायची. तवा अक्काच म्हनली..." आणि तो तिथंच थांबला.

"काय म्हनली?"

"तिलाच इचारा."

मंडईतनं कुपवाडपर्यंत धुळा चालत आला. रिक्षावाले थांबून विचारत होते, त्याला ऐकू येत नव्हतं. वाटेत त्यानं स्वतःशी कितीतरी खुलासे जुळवले. जोतिबा आपलं पाप बहिणीवर ढकलतोय. सुलाबाईला अर्धवट माहीत असेल. भावानं तिलाही फसवलं असेल. घर येईपर्यंत यातला शेवटचा खुलासा त्यानं अगदी पक्का करत आणला होता.

सुलाबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. प्रांजल बसनं दवाखान्यात गेली होती. धुळा समोर बसला.

"जोतिबाची गाडी पान्यात हुती, ह्ये तुला ठावं हुतं?"

सुलाबाईनं काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि आता ती बोललीही नाही. "पूर वसरल्यावर मीच धुतली ती. तुमी तवा गावाकडं मेंढरांपाशी हुता, रस्तं बंद हुतं. मी आनि जोतिबाची बायकू बादल्यांनी चिखूल काढत हुतो आतला. दोन दिस लागलं."

"आनि मग आपल्या पोरीला दिलीस?"

"धुतल्यावर चालत हुती ती. म्हटलं, गावातल्या गावात फिरंल. येवढं हुईल असं न्हाई वाटलं. बिरोबाची आन, न्हाई वाटलं."

शपथ ऐकून धुळा हसला. ते हसू त्याचं त्यालाच कडू लागलं.

"बाहेरच्याला दिली असती," सुलाबाई म्हणाली, "तर त्यानं माज्या भावाला पोलिसात ओढला असता. तुमास्नी कळलं तरी तुमी भांडला असता, दोन म्हैनं बोलला नसता. पर त्याला तोडला नसता. माजं माहेर म्हंजे तेवढा येकच जीव हाय आता."

"मग मला सांगायचं. सांगून मागायची. मी सडलेली गाडी बी घेतली असती तुज्या भावासाठी."

"घेतली असती. पर प्रांजलला तुमी तीत बसू दिलं नसतं."

हे खरं होतं. मग जे विचारायचं नाही असं ठरवून धुळा घरात शिरला होता, ते त्यानं विचारलं. "भंडाऱ्याचं कुनी काढलं?"

सुलाबाईच्या हातातली मेथी थांबली. ती म्हणाली, "तुमी गाडी विश्वजितकडं न्हेल्याबिगर ऱ्हानार नव्हता. मी जोतिबाला म्हनलं, तुज्या दाजींपुढं भंडारा उचल. मग ते गाडी बघायचं न्हाईत. मला म्हाईत हाय त्येंचा सोभाव."

धुळाला राग यायला हवा होता. तो आला नाही. त्याला लाज वाटली, का ते त्याला कळलं नाही. त्याच्या श्रद्धेची खोली किती, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच माणसानं तिथं हात घातला होता. परक्यानं फसवलं असतं तर तो गावभर बोंबलत फिरला असता. आता कुणाला सांगणार? ज्या बाईजवळ तो आपलं दुखणं सांगायचा, ती समोर मेथी निवडत होती.

प्रांजलला त्यानं मामाचं तेवढं सांगितलं, आईचं नाव काढलं नाही. जोतिबा गाडी परत न्यायला तयार झाला, पण धुळानं नेऊ दिली नाही. हा ती दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या गळ्यात मारील, असं आता त्याच्या मनात यायला लागलं होतं. मोडीवाल्याला बोलावून, पाण्यातली आहे असं आधी सांगून, त्यानं ती डोळ्यांदेखत तोडायला दिली. सातारच्या सुभेदारांना प्रांजलनं फोन करून बघितला. त्यांची गाडी कोरेगावच्या एका कुटुंबानं केव्हाच नेली होती. प्रांजल पुन्हा स्कूटरवर जायला लागली, पेटीला प्लॅस्टिक गुंडाळून. दिवाळीला सुलाबाई भावाकडं जाऊन आली. धुळानं जाऊ नको म्हटलं नाही आणि स्वतः गेला नाही.

घर चालूच राहिलं. दोघं बोलायची, बाजारला जायची, प्रांजलच्या स्थळांवर वाद घालायची. धुळाला साखरेचा आजार. त्याच्यासाठी सुलाबाई वेगळ्या पातेल्यात बिनसाखरेचा चहा करायची, आणि आजवर तो पेपरमधनं डोळा न काढता कप तोंडाला लावायचा. त्या हिवाळ्यात एका सकाळी तिनं कप पुढं ठेवला आणि रोजच्यासारखं म्हणाली, "साखर न्हाई घातली." धुळानं कप उचलला, जिभेच्या टोकानं थोडा चाखून बघितला, आणि मग प्यायला. आपण असं काही केलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. सुलाबाईनं मात्र बघितलं, आणि ती तशीच हातातली सांडशी धरून चुलीपाशी उभी राहिली.